बाल्टिकची गोरी आणि आमची मॅटाडोर

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर चपला तिथेच काढा आणि पडवीत येऊन बसा. रस्त्यात उभ्याने सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

शेजारच्या भाऊंचं बाहेर काहीतरी चाललंय, हा वास वहिनींना फेब्रुवारीतच लागला होता. माणूस रात्री दीड-दीड वाजेपर्यंत फोन घेऊन गच्चीवर. पानात काय वाढलंय ते न बघता जेवायचं, मध्येच स्वतःशी हसायचं, आणि कोणी जवळ आलं की फोन उपडा. एका सकाळी भाऊ आंघोळीला गेले असताना तो फोन वाजला आणि वहिनींनी उलटा करून बघितला. निरोप होता: ‘गोरी कोल्हापुरात उतरली. उद्या आंबा घाटाने पाठवतो. अंगावर एक डाग नाही. नाजूक आहे, पाणी लागू देऊ नका.’

वहिनी फोन तसाच मुठीत धरून आमच्याकडे आल्या. मी चष्मा लावून तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी तर ‘पाणी लागू देऊ नका’ हे जास्तच लागलं, कारण या माणसाने लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी वहिनींचे हात एकदाही पाण्यातून बाहेर काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आळीच्या तोंडाशी छोटा हत्ती थांबला. आम्ही दोघी फाटकात उभ्या. आत प्लास्टिकात गुंडाळलेले अकरा तक्ते. पाच फूट लांब, पाच फूट रुंद. भाऊंनी एक कोपरा फाडला, त्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा, कशी आहे!"

गोरी होती, त्यात वाद नाही. साईसारखा रंग, अंगावर रेशमासारखी झाक. बर्च प्लाय म्हणतात हिला, आणि ही येते फिनलंड, लाटव्हिया, रशिया अशा बर्फाच्या मुलखातून. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सवत निघाली असती तर भांडता तरी आलं असतं."

तर लफडं ते हे. आणि हे एकट्या भाऊंचं नाही, सगळीकडे साथ आली आहे. जुनी गाडी धरायची, तिचे बाक उपटायचे, आतून लाकडाने मढवायची, एक गादी, एक ओटा, एक पाण्याची टाकी टाकायची आणि आरे-वारेच्या समुद्राकडे तोंड करून उभी करायची. मग फोटो. फोटोत चहाचा कप, त्यामागे समुद्र, आणि चौकटीला ती गोरी. कोणी ओम्नी घेतली, कोणी ट्रॅव्हलर. सरकारलाही या वाऱ्याने सोडलं नाही, २०२१ मध्ये राज्याचं कॅरव्हॅन धोरण आलं. आमचे आजोबा दमणीला बैल जुंपून, आत गादी घालून, खाली कंदील टांगून देवाला जात, तेव्हा त्यांच्यासाठी कोणी धोरण काढल्याचं ऐकिवात नाही.

भाऊंनी मात्र मॅटाडोर घेतली. पावसच्या बाजूला एका कलमांच्या बागेत ती उभी होती, म्हणजे चाकांच्या जागी जांभ्याचे चिरे लावून बसवली होती. चालकाच्या बैठकीवर एक कोंबडी अंड्यांवर होती आणि तिने उठायला साफ नकार दिला, म्हणून गाडीचा ताबा तीन आठवडे उशिरा मिळाला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही गाडी. ज्यांनी तिच्यातून वऱ्हाडं नेली, नमनाची मंडळी नेली, हापूसच्या पेट्या मुंबईला पोचवल्या, त्यांना तिच्याविषयी माया वाटणारच. पण माया वेगळी आणि तिला बाल्टिकचं लाकूड नेसवणं वेगळं.

हे खूळ मूळचं अमेरिकेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मोटारीमागे ओढायच्या छोट्या घरगाड्या निघाल्या. बाजूने बघितल्या तर मांसाच्या डब्यासारख्या दिसायच्या, म्हणून त्यांना नावही ‘कॅन्ड हॅम’ पडलं. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत भिंतींना, छताला जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं बर्च प्लाय, गोलाईत वाकवून बसवलेलं. त्यावर लाखेचं पॉलिश, त्यामुळे आत शिरलं की मधाच्या बरणीत शिरल्यासारखं वाटे. साठ-सत्तर वर्षांत खिडक्यांच्या सांध्यांतून पाणी शिरून ते तक्ते काळे पडले, कुजले. आता तिथले हौशी लोक ते उपटून तसेच नवे बसवतात आणि नव्याला जुन्याचा रंग यावा म्हणून जिवाचं रान करतात. भाऊंच्या भाच्याने तिकडून एक चित्रफीत पाठवली आणि इकडे आमच्या आळीची झोप उडाली.

बरं, हे बर्च म्हणजे तरी कोण? आपलं भूर्ज! भूर्जपत्र म्हणतो ते त्याच घराण्यातल्या हिमालयातल्या झाडाच्या सालीचं. पूर्वी त्यावर पोथ्या लिहीत, यंत्रं काढीत, ताईत भरीत. आणि प्रेमपत्रंही. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात उर्वशी पुरूरव्याला भूर्जपत्रावर पत्र लिहिते. राजा ते विदूषकाकडे सांभाळायला देतो, विदूषक ते वाऱ्यावर सोडतो, आणि ते सापडतं नेमकं कोणाला? महाराणीला! मी वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग राणीने काय केलं?" म्हटलं, राजा पाया पडला तरी ती रागाने निघून गेली. "बरोबर केलं," म्हणाल्या आणि भाऊंचा चहा न करताच घरी गेल्या.

लाकडापायी माणूस काय काय घालवतो हे रत्नागिरीला कोणी शिकवायला नको. पलीकडे थिबा पॅलेस उभा आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सागाचे ओंडके नेले किती आणि दाखवले किती, यावरून १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या दरबाराने कंपनीला जबर दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. दोन-तीन आठवड्यांत लढाई उरकली, राजा गादीवरून उतरला आणि १८८६ मध्ये आमच्या गावात येऊन पडला. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. सागाच्या हिशेबात राज्य गेलं. भाऊंकडे राज्य नाही, मुदत ठेव होती. होती.

कारण ही गोरी महाग आहे आणि नखरे तिचे त्याहून महाग. आपल्या बाजारातला तक्ता आठ बाय चारचा. सुतार, टेम्पोवाला, हमाल, सगळ्यांचे हात त्या मापाला बसलेले. ही पाच बाय पाच. म्हणजे बत्तीस चौरस फुटांच्या जागी पंचवीस, आणि गाडीच्या लांबीत सांधे जास्त. प्रत्येक सांध्यावर पट्टी आली. वजनाचंही तसंच. सहा मिलिमीटरचा एक तक्ता साडेनऊ किलोच्या आसपास जातो, बारा मिलिमीटरचा त्याच्या दुप्पट. कपाटं-बिपाटं सगळी हिचीच केली तर चढावर मॅटाडोर रस्त्यातच बसेल. त्यात २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन लाकूड बंद केलं आणि जगभर हिचे भाव भडकले. सगळ्यात जास्त बर्च प्लाय रशियाचंच होतं. लढाई कुठे, आणि हिशेबाची वही घेऊन डोकं धरून बसलेले भाऊ कुठे!

फसवणूक झाली ती आधीच. कोल्हापूरवाल्या गोरीच्या अगोदर भाऊंनी दुसऱ्या एका शहरातल्या दुकानातून ‘अस्सल बर्च’ म्हणून दोन तक्ते आणले होते. दुकानाचं नाव मी घेणार नाही. ते बघायला मिरकरवाड्याकडचे एक मिस्त्री आले, सगळं आयुष्य होड्या बांधण्यात गेलेला माणूस. ऐन, फणस, आंबा, साग यांच्याशी बोलणारा. त्यांनी तक्त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. उकिडवे बसले, कडेवर थुंकी लावून अंगठा फिरवला आणि पदर मोजायला लागले. "बारा एमेम सांगितलं ना? खऱ्याला नऊ पदर हवेत, सगळे एका जाडीचे, सगळे एका रंगाचे. ह्याला मोजा." पाच निघाले. वरचा नि खालचा पदर कागदाएवढा, तेवढाच बर्चचा, मधलं सगळं फोफसं पॉप्लर.

भाऊंना पटेना. मग मिस्त्रींनी करवतीने एक कोपरा कापला आणि वहिनींकडे पातेलं मागितलं. होड्यांच्या प्लायला, म्हणजे आय.एस. ७१० च्या मरीन प्लायला, तुकडा बहात्तर तास उकळून तपासतात. इथे तेवढी गरजच पडली नाही. दुपारचं जेवण होईपर्यंत त्या तुकड्याचे खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले. वहिनींनी ते पातेलं घासून ठेवलंय, पण त्यात दूध तापवत नाहीत.

खऱ्या गोरीच्या कडेला मात्र मिस्त्रींनी मान हलवली. अठरा मिलिमीटरच्या तुकड्यावर तेरा पदर मोजले, एकही पोकळी नाही. फक्त तोंडावर ठिकठिकाणी गाठी काढून लंबगोल ठिगळं बसवली होती, दोन्ही टोकांना निमुळती. स्वस्त प्रतीच्या तक्त्यांवर ती जास्त असतात. भाऊ ओशाळले. मिस्त्री पहिल्यांदा हसले. "होडीच आहे की ही! एवढ्या लांबून होडी अंगावर घेऊन आलीय आणि तुम्ही म्हणताय डाग."

मग त्यांनी मॅटाडोरच्या टपाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "वर तक्तपोशी कशाची करणार?"

भाऊ म्हणाले, "सीलिंग पण बर्चचंच."

तक्तपोशी! आमच्या माजघरावर अजून फणसाची आहे, आजेसासऱ्यांच्या वेळची, चुलीच्या धुराने काळी तुळतुळीत झालेली. तिला ना वाळवी लागली, ना वाकली. बर्चचं काय आहे, तिचा डिंक पक्का असतो, पाण्याला दाद देत नाही, पण लाकडात कुजण्याला विरोध करण्याची ताकद नावालाही नाही. तिच्या देशात थंडीने बुरशी गारठते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पाऊस नसतो तेव्हाही हवा ओली. पापड दुपारी वाळत घालावेत तर संध्याकाळी मऊ. पत्र्याच्या गाडीला रात्री आतून घाम येतो, तो लाकडाच्या पाठीला लागतो आणि पुढून गोरी दिसणारी बाई मागून काळी पडत जाते. म्हणून मिस्त्रींनी अट घातली. आधी पत्रा गंजमुक्त करायचा, टपाचे सांधे पाणी मारून तपासायचे, पत्रा नि तक्ता यांत पट्ट्या मारून फट ठेवायची, आणि तक्त्याला पुढून जेवढे हात, मागून तेवढेच. कडांना तर दुप्पट. पाणी तोंडाने पीत नाही ही, कडेने पिते.

आता पॉलिश. इथे माझा स्वतःचा हात आहे म्हणून जरा सांभाळून सांगते.

बर्चला रंग चढवायला गेलं की ती चट्ट्यापट्ट्याची होते. कुठे पिते, कुठे पीत नाही. म्हणून ते अमेरिकन लोक रंगाच्या वाटेला न जाता चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ हात देत. ही लाख कुठली? आपली! कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर किडा बसतो, त्याची. झारखंड-छत्तीसगडात निघते आणि जगभर जाते. जुन्या ७८ च्या तबकड्यासुद्धा हिच्याच. सावंतवाडीच्या लाखकामाला कोण ओळखत नाही? म्हणजे बघा, किडा आपला, लाख आपली, ती साहेबाने त्याच्या डब्याला लावली, त्याचा फोटो आमच्या भाऊंना दिसला, आणि आता भाऊ म्हणतात, "मला तो अमेरिकन अंबर शेड पाहिजे." राम आळीत विचारलंत तर चपडा म्हणून पुडीत बांधून देतील.

आमच्या पुतण्याने हे पाहून स्वतःच्या ओम्नीचा एक फळा केला. हौस दांडगी, महिना जुलै. मी त्याला लुगड्याचं मऊ फडकं दिलं, आत कापूस घालून बोळा बांधून दिला, १८० नंबरच्या पॉलिशपेपरने आणि मग २२० ने अंग घासून घेतलं, धूळ पुसली. पहिला हात दिला तेव्हा लाकूड असं उजळलं की मीसुद्धा भाऊंना मनातल्या मनात माफ केलं. दुसरा दिला, तिसरा दिला. बाहेर सर आली. पाच मिनिटांत अख्ख्या फळ्यावर दुधी धुकं! पुसलं तरी जाईना. पॉलिशवाल्याला फोन केला तर तो आधी पोटभर हसला. "काकू, पावसात लाखेला हात लावतं का कोणी? स्पिरिट उडताना हवेतलं पाणी ओढून घेतं. दसऱ्यानंतर बोलवा." वर पुतण्याने त्याच फळ्यावर चहाचा गरम कप ठेवला आणि पांढरं वर्तुळ उमटवलं. लाखेला उष्णता सोसत नाही, पाणी सोसत नाही, आणि स्पिरिटने तर ती विरघळतेच. म्हणजे ज्या गाडीत चहा प्यायचा तिच्या ओट्याला चहा चालत नाही.

आता यावरून दोन तट पडलेत. भाऊंचा तट लाखेचा, जुना मध पाहिजे म्हणणारा. पुतण्याचा तट पाण्यातल्या पॉलियुरेथेनचा, त्याला गोरी गोरीच राहायला हवी. लाखेच्या तटाचे लोक दुसऱ्यांना ‘प्लास्टिकवाले’ म्हणतात, आणि प्लास्टिकवाले यांना ‘किडेवाले’. परवा एका मुंजीत या दोन तटांची पंगत वेगवेगळी बसली. मिस्त्री दोघांनाही मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, ओट्याला आणि जमिनीला पीयू मारा, भिंतीला आणि तक्तपोशीला लाख लावा आणि भांडण मिटवा. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाचं या आळीत कोण ऐकणार?

आरटीओचं नाव काढलं की मात्र दोन्ही तट एकदम गप्प होतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जशी बनवली आणि नोंदणीत जशी लिहिली त्यात मनाने बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचे वेगळे नियम आहेत, त्यात बसवायची तर रीतसर कागद करावे लागतात. मी भाऊंना विचारलं, कागद केलेत? ते म्हणाले, "आधी कडा तर सुकू देत."

आणि समजा कागद झाले, कडा सुकल्या, तरी जायचं कुठून? मुंबई-गोवा महामार्गावरून! ज्या रस्त्यावर दशकभराहून जास्त काळ चौपदरीकरणाचे फलक लोकांनी नातेवाईकांसारखे ओळखून ठेवलेत, त्या रस्त्यावरून तेरा पदरांची बाई न्यायची. मिस्त्रींनी खिळे मारू दिले नाहीत, सगळे स्क्रू लावायला लावले, प्रत्येकाखाली रबराचं वायसर. तरी पालीपर्यंत चाचणीला नेली तेव्हा परत आल्यावर सात स्क्रू जमिनीवर पडलेले मिळाले. आठवा भाऊंच्या खिशात होता, तो त्यांनी सांगितला नाही. वहिनींना धुताना सापडला.

खरं सांगू? मला ही गोरी आवडली. परवा संध्याकाळी वहिनी आणि मी भाऊ नसताना मॅटाडोरमध्ये जाऊन बसलो. दोनच बाजू झाल्यात, लाखेचे पाच हात झालेत, दसऱ्यानंतरचे. उन्हाची तिरीप आत आली आणि सगळी गाडी फणसाच्या गऱ्यासारखी पिवळी झाली. वहिनी भिंतीला पाठ टेकून म्हणाल्या, "गणपतीपुळ्याला ह्यातून गेलं तर बरं वाटेल नाही?" मी काही बोलले नाही. राणी रागाने गेली तरी पुढच्या अंकात राजाला माफ करायला परत येते, हे मी तेव्हा सांगायचं टाळलं होतं. पण वरच्या फणसाच्या तक्तपोशीवर मी आणि मिस्त्री ठाम आहोत. आमच्या परसातला एक जुना फणस मागच्या वादळात पडला, त्याच्या फळ्या कापून सावलीत ठेवल्यात. भाऊ अजून हो म्हणालेले नाहीत. वहिनी म्हणाल्यात.

तर टपाला फणस ठरला की भाऊंकडे सहा मिलिमीटरचे तीन तक्ते उरतील. अस्सल आहेत, पदर मोजून घ्या, ठिगळं मोजून घ्या. पावसाळ्याआधी न्यायचे. पाच बाय पाच आहेत, आठ बाय चार मागू नका. आणि निरोप पाठवाल तर त्यात ‘गोरी’ लिहू नका, फोन हल्ली वहिनींकडे असतो.